आरक्षण कुणाच्या शेतात पडले? शहर-आराखड्याच्या शंभर वर्षांची गोष्ट



आपल्या भाषेतल्या एका साध्या शब्दप्रयोगापासून सुरुवात करतो. नोकरीत, शिक्षणात आरक्षण 'मिळते'. जमिनीवर मात्र आरक्षण 'पडते'. पुण्याला जा, नाशिकला जा, कोल्हापूरला जा, शहराच्या कडेला ज्याची दहा-वीस गुंठे जमीन आहे त्याच्या तोंडी हेच क्रियापद असते. धाड पडते, दरोडा पडतो, दुष्काळ पडतो, तसे आरक्षण पडते. आणि एकदा पडले की ते 'उठवून' घ्यावे लागते. कायद्याच्या पुस्तकात हे शब्द नाहीत. तिथे जमीन 'आरक्षित' होते, 'निर्देशित' होते. लोकांनी मात्र आपल्या अनुभवाला नेमके क्रियापद शोधून काढले.

आता गंमत पाहा. शाळा, बाग, दवाखाना, रस्ता, खेळाचे मैदान या गोष्टी सगळ्यांना हव्या असतात. मग त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे ही गोष्ट संकटाच्या भाषेत का बोलली जाते? काही मंडळींनी मला विचारले, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग या विकास आराखड्याच्या भानगडीत कशाला पडता?" अहो, या प्रश्नासाठीच. उद्याच्या गावासाठी आज कुणी किती सोडायचे, हा नीतिशास्त्राचाच प्रश्न आहे. फक्त तो आपल्याकडे नगररचना कार्यालयात सोडवला जातो, आणि बहुधा भलत्याच पद्धतीने.

इतिहास प्लेगपासून सुरू होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात काय झाले, रँडसाहेबाचे काय झाले, ते तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. त्या पुस्तकात एक गोष्ट सहसा येत नाही. प्लेगमुळे सरकारला पहिल्यांदा असे वाटले की शहर आपोआप वाढू देणे धोक्याचे आहे. १८९८ मध्ये कायदा करून मुंबईत सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याची पद्धत सरळ होती. दाट वस्तीची जागा सक्तीने संपादन करायची, घरे पाडायची, रुंद रस्ता काढायचा, आणि उरलेले भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आजचा महंमद अली रोड हे सगळे त्यातून निघाले. उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. आजही तिथल्या झाडांखालून चालताना बरे वाटते. पण चाळींतून जे उठवले गेले ते या कॉलन्यांत राहायला गेले नाहीत. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीवाटीने राहू लागले. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडलेल्या खोल्या जास्त होत्या आणि बांधलेल्या कमी. शिवाय ही पद्धत महाग होती. मुंबईला ती झेपली तेवढी झेपली. ठाण्याच्या किंवा नडियादच्या नगरपालिकेला असे काही स्वप्नातही परवडणारे नव्हते.

मग १९१५ साल आले. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा त्या वर्षी झाला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. इंग्लंडमध्ये १९०९ चा नगररचना कायदा होता, पण आपल्या कायद्यातला खरा जीव जर्मनीतून आला. फ्रँकफुर्ट शहराचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये तिथे एक कायदा झाला होता. शहराच्या कडेच्या वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या, आणि बाकीची जमीन नीट आकाराचे भूखंड करून मूळ मालकांनाच परत द्यायची. सरकारने जमीन विकत घ्यायची नाही. मालकाने जमीन गमवायची नाही. सगळ्यांनी थोडी थोडी सोडायची.

त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ आपल्याकडे गावोगाव हिंडत होते. जुन्या वस्तीवर कुऱ्हाड चालवू नका, एखादी पडकी भिंत काढा, एखादे आवार मोकळे करा, विहीर स्वच्छ करा, असे ते नगरपालिकांना सांगत. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले; आपले गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. गेडिस यांच्यावर वेगळे व्याख्यान व्हायला हवे. आज आपण १९१५ च्या कायद्यापाशीच थांबू, कारण माझ्या मते आपल्याकडच्या नगररचनेतली सगळ्यात शहाणी कल्पना त्या कायद्यात होती.

ती कल्पना हिशेबाने समजून घेऊ. गावाच्या कडेला दहा शेतकरी आहेत, प्रत्येकाची चाळीस गुंठे जमीन. एकूण चारशे गुंठे. इथे पुढे वस्ती होणार म्हणून रस्त्यांना शंभर गुंठे आणि शाळा, बाग, मैदान मिळून साठ गुंठे लागणार आहेत. म्हणजे एकशे साठ गेले, दोनशे चाळीस उरले. नगररचना योजनेत दहाही जणांना प्रत्येकी चोवीस गुंठे परत मिळतात, पण आता प्रत्येक तुकडा चौकोनी, आणि प्रत्येकाला रस्ता. चाळीस गुंठे शेतीपेक्षा चोवीस गुंठे बिगरशेतीची किंमत अधिक भरते. त्या वाढलेल्या किमतीतला जास्तीत जास्त निम्मा वाटा नगरपालिका मागू शकते, आणि त्यातून रस्ते, गटारे बांधते. जुन्या तुकड्याला मूळ भूखंड म्हणायचे, नव्याला अंतिम भूखंड. पुण्यात शिवाजीनगर, एरंडवण्याच्या जुन्या सोसायट्यांच्या कागदपत्रांत सर्व्हे नंबरच्या जागी फायनल प्लॉट नंबर असतो, तो या कायद्याचा वारसा. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ, बोरिवलीच्या पत्त्यांत 'टीपीएस' ही अक्षरे येतात, तीही यातलीच. तिथे राहणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती कशाची, हे ठाऊक नसते. रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यासाठी कुणीतरी आपले सोळा गुंठे सोडले होते, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ.

आता हेच उदाहरण आजच्या विकास आराखड्याच्या पद्धतीने करू. नकाशावर एकशे साठ गुंठ्यांच्या रेघा आखल्या जातात. त्या चौघांच्या शेतातून जातात. चार चोक सोळा. चौघांचे चाळीसही गुंठे गेले. उरलेल्या सहांचे चाळीसच्या चाळीस गुंठे शाबूत, वर दाराशी रस्ता आला, समोर बाग आली, किंमत दसपटीने वाढली. चौघांना कायद्याने मोबदला मिळेल, पण महापालिकेकडे पैसे येतील तेव्हा. तोवर त्यांनी तिथे बांधायचे नाही, आणि आरक्षणाची जमीन चांगल्या भावाने घ्यायला कोणी येत नाही. एकूण बेरीज दोन्ही पद्धतींत तीच आहे, बरं का. गावाला एकशे साठ गुंठे मिळाले, मालकांकडे दोनशे चाळीस राहिले. फरक एवढाच, की पहिल्या पद्धतीत रेघ कुठून गेली याला महत्त्व उरत नाही आणि दुसऱ्या पद्धतीत रेघ हेच सर्वस्व होते.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये न्यायावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती अशी: समाजाचे नियम ठरवणाऱ्याला आपण स्वतः त्या समाजात कुठे असू हे माहीत नाही, असे समजा. या अज्ञानाच्या पडद्याआड बसून माणूस जे नियम मान्य करील ते न्याय्य. मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा विद्यार्थी म्हणायचे, "सर, असा पडदा प्रत्यक्षात कुठे असतो?" नगररचना योजनेत तो जवळपास असतो. रस्ता माझ्या शेतातून जावो की शेजाऱ्याच्या, मला चोवीस गुंठेच मिळणार. मग रस्ता जिथून सोयीचा तिथून जाऊ दे, असे मी म्हणू शकतो. आरक्षणाच्या पद्धतीत मात्र पडद्याआड काय चालले आहे हे ज्याला आधी कळते तो श्रीमंत होतो. आराखडा प्रसिद्ध होण्याआधी जमिनी कोण घेते, 'यलो झोन' कुठे येणार याची बातमी कुणाकडे असते, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर जेवढी चर्चा होते तेवढी विद्यापीठात होत नाही.

मग इतकी शहाणी पद्धत आपण सोडली का? तिच्यात दोष होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक तुकड्याची योजनेपूर्वीची आणि योजनेनंतरची किंमत ठरवायची, त्यासाठी लवाद नेमायचा, प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकायचे, मग अपील. एकेका योजनेला दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागत. योजना मंजूर होईपर्यंत मुळात मालकच हयात नसे, आणि किमती इतक्या बदललेल्या असत की आधीचा हिशेब हास्यास्पद वाटे. शिवाय ही पद्धत तुकड्यातुकड्याची. शंभर एकर इकडे, दोनशे एकर तिकडे. संपूर्ण शहराने कुठल्या दिशेने वाढावे हे तिच्यातून ठरत नव्हते. फाळणीनंतर शहरांत माणसांचा लोंढा आला, तेव्हा ही उणीव फार जाणवली.

म्हणून १९५४ चा मुंबई नगररचना कायदा आला आणि त्याने स्थानिक संस्थांना संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा करणे बंधनकारक केले. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला आपण सगळे एफएसआय म्हणतो, तो तेव्हा मुंबईत आला. १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शहराचा विचार त्याच्या हद्दीपुरता करून भागणार नाही, भोवतालच्या सगळ्या प्रदेशाचा करावा लागेल, हे तिने सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ झाला. आजही आपण त्याच कायद्याखाली आहोत. या कायद्यात प्रादेशिक योजना आहे, विकास आराखडा आहे आणि नगररचना योजनाही आहे. म्हणजे जुनी पद्धत रद्द केली नाही, माळ्यावर ठेवली.

आराखड्याला रेघा मारायला पैसे लागत नाहीत. जमीन घ्यायला लागतात. इथेच सगळे अडले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभाव द्यायचा, आणि शहर जसे वाढते तसा बाजारभाव वाढतो. म्हणजे ज्या वाढीसाठी आराखडा केला, तीच वाढ आराखडा परवडेनासा करते. मग मैदाने, शाळा, मंडया नकाशात राहिल्या. कायदा करणाऱ्यांना याची कल्पना होती, म्हणून कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीनंतरही ठरावीक मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. ती मुदत आधी सहा महिने होती; वाढत वाढत आता चोवीस महिने झाली आहे. नगरपालिका या सहा महिन्यांत काय करीत? ठराव करीत आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र पाठवीत, की जमीन संपादन करावी. झाले पाऊल उचलून! २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसत्या पत्राला पाऊल म्हणता येणार नाही. मालकाच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय न्यायाचा. पण त्याची दुसरी बाजूही पाहा. दहा वर्षे महापालिका झोपली, मालकाने वकील दिला, आणि मैदान गेले. त्या मैदानावर जी मुले खेळणार होती त्यांच्या वतीने नोटीस द्यायची तरतूद कायद्यात नाही.

पैशाचा प्रश्न सोडवायला १९९१ मध्ये मुंबईत टीडीआर आला. जमीन फुकट द्या, बदल्यात बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरा किंवा विका. युक्ती चांगली होती, पण तिच्यामुळे मैदान एका वॉर्डात मिळाले आणि त्याच्या मोबदल्याची गर्दी दुसऱ्या वॉर्डात गेली. त्याच १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी अट घातली होती. गिरणीची जमीन विकायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. ढोबळमानाने तीन वाटे. पाहा, वाटून घेण्याची कल्पना पुन्हा परत आली होती! गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन होती. २००१ मध्ये नियमाची शब्दरचना बदलली: तीन वाटे आता गिरणीच्या सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, जिथे बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीचे. गिरणीत मोकळी जमीन असते किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांचे म्हणणे मान्य केले, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गिरणगावाची पुढची शंभर वर्षे त्या दोन-चार शब्दांनी ठरवली. मी तर्कशास्त्र शिकवताना व्याप्ती समजावून देण्यासाठी हे उदाहरण वापरत असे. 'सर्व' आणि 'काही' यांत किती एकरांचा फरक असतो ते मुलांना चटकन कळायचे.

आता थोडे गुजरातकडे वळू, कारण हा कायदा दोघांचा सामाईक होता. १९६० पर्यंत अहमदाबाद आणि पुणे एकाच राज्यात. अहमदाबादला वल्लभभाई पटेल नगरपालिकेत होते तेव्हापासून नगररचना योजनांची परंपरा होती. राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने आरक्षणावर भर दिला, गुजरातने १९७६ चा स्वतःचा कायदा करून आराखडा आणि योजना यांची सांगड घातली. आराखडा मोठे रस्ते दाखवतो, जमीन मात्र योजनेतून मिळते. पुढे १९९९ मध्ये दुरुस्ती करून, किमतीचे वाद चालू असतानाच रस्त्यांचा ताबा घेण्याची सोय केली. म्हणजे आपण ज्या विलंबाला कंटाळून पद्धत सोडली, तो विलंब त्यांनी दुरुस्त केला. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या रिंग रोडची बरीचशी जमीन अशी मिळाली. २००१ च्या भूकंपानंतर भुजचे जुने गावठाण याच पद्धतीने पुन्हा आखले. अगदी लहान जागांतून कपात नाही, मोठ्यांतून अधिक. गुजरातमध्ये सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. तिथल्या योजनांत जमीनमालकाला वाटा मिळतो, भाडेकरूला आणि झोपडीतल्या माणसाला फारसा नाही. हा दोष मूळ कल्पनेतलाच आहे.

आपल्याकडे तिसरा रस्ताही झाला, घाऊक संपादनाचा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेली नवी मुंबई १९७० मध्ये सिडकोच्या हाती आली. पंच्याण्णव गावांची जमीन. मोबदल्यावरून संघर्ष पेटला, आणि १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाटा इथे गोळीबारात पाच जण मारले गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. म्हणजे रक्त सांडल्यावर आपण पुन्हा तिथेच आलो, की मालकाला त्याच्या जमिनीवरच्या गावात वाटा हवा. १९१५ ला हे कागदावर लिहून ठेवलेले होते.

पुण्याजवळ मगरपट्ट्यात तर सरकारची वाटही न पाहता सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक झाले. ते सगळ्यांना जमणारे नाही. तिथे भाऊबंदकी होती तशी भावकीही होती, आणि पुढाकार घेणारे घर होते. ज्यांना असे काही जमले नाही त्यांनी गुंठा-गुंठा विकला. त्यातून गुंठेवारी झाली: ना रस्ता, ना बाग, अग्निशमनाची गाडी वळायला जागा नाही. २००१ मध्ये ती नियमित करायला कायदा करावा लागला. सरकारी आराखडा उशिरा येतो तेव्हा लोक आपला आराखडा स्वतः करतात, तो असा. अलीकडे पीएमआरडीएने माण-म्हाळुंग्यात आणि सिडकोने विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात नगररचना योजना पुन्हा माळ्यावरून काढल्या आहेत. काही गावांत शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. शंभर वर्षे ज्याने 'पडते' हेच क्रियापद ऐकले, तो 'परत मिळेल' या शब्दावर एकदम विश्वास कसा ठेवील?

एक शेवटचा मुद्दा. हे सारे ठरवते कोण? आपण या संस्थांना स्थानिक 'स्वराज्य' संस्था म्हणतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातला पहिलाच विषय नगरनियोजन आहे. प्रत्यक्षात आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य सरकारची, आणि मंजुरीनंतर फेरबदलाचे कलम ३७ तर बारमाही वाहते. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्याची वीस वर्षे २००७ ला संपली. पुढचा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये, तोही मुदतीत पूर्ण न झाल्याने २०१५ मध्ये सरकारने महापालिकेच्या हातून काढून घेतल्यावर. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षे आराखड्याविनाच गेली. मुंबईचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला आणि चुकांवरून एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवून नव्याने करावा लागला. त्याआधी अस्तित्वातील जमीन-वापराचे नकाशे आले होते, तेव्हाच नागरिकांनी वॉर्डावॉर्डांतून चुका दाखवल्या होत्या.

हा अस्तित्वातील जमीन-वापराचा नकाशा सगळ्यात आधी मागा, असे मी नेहमी सांगतो. लोक थेट प्रारूप आराखड्यावर तुटून पडतात. पण ओढा आज आहे की नाही, टेकडी आज मोकळी आहे की नाही, हे पहिल्या नकाशात ठरते. तिथे ओढा दिसला नाही तर पुढे तो वाचवायला तुमच्याकडे काही नसते. पुण्याच्या आराखड्यावर २०२७ हे साल छापलेले आहे, तेव्हा पुढची फेरी फार लांब नाही. हरकती मागवल्या जातील, सुनावण्या होतील. सातबारा आणि मोजणीचा नकाशा हातात घेऊन मालक हजर राहतील, आणि त्यांनी राहायलाच हवे. मैदानावर ज्यांचा हक्क, त्यातली बरीच मुले अजून जन्मालाही आलेली नसतील.

थांबतो. आता प्रश्न घेऊ या.